खोलता येणारं कपाट

अनसिंगच्या स्टँडवर वाशीमची बस लागली होती; तिथून पुढे मी पुण्याला निघालो होतो. माय लोणच्याची बरणी तिसऱ्यांदा फडक्यात गुंडाळत होती आणि बाबा जरा लांब, कडुनिंबाखाली उभे होते. बस हलली तसे ते खिडकीपाशी आले आणि एवढंच म्हणाले, "खोली भेटली की माप कळवजो. किती बाय किती हाय थे."

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघून आलेल्या माणसांसाठी मी हे लिहितो आहे. तोंडाने जे सांगता आलं नाही, ते निदान कागदावर तरी असावं.

बाबा सुतार. हा आमचा पिढीजात धंदा नाही. आजोबा दुसऱ्यांच्या शेतात राबले. बाबा पंधराव्या वर्षी वाशीमच्या एका लाकूड कापायच्या आरा मशीनवर ओंडके उचलायला लागले आणि तिथल्या मिस्त्रीच्या हाताकडे बघत शिकले. आम्ही बौद्ध. सुरुवातीच्या काळात गावातले लोक त्यांच्याकडून बैलगाडीचं काम करून घ्यायचे, देव्हारा मात्र दुसऱ्याकडून. बाबा हसून सांगायचे, "देवाले माहा रंधा चालत नाही, बैलाले चालते. बैल समजदार."

पुण्यात आल्यावर मी फोन केला की ते तब्येत विचारत नसत. माप विचारत. पहिली खोली दहा बाय आठची, आम्ही तिघं मित्र राहायचो. "मंग पाय कुठी ठेवता, भिंतीवर?" म्हणाले. लग्नानंतरची खोली, तिचा ओटा, नंतरच्या भाड्याच्या घराचा दरवाजा, सगळ्यांची मापं त्यांनी पेन्सिलीने कामाच्या पडवीतल्या दारावर लिहून ठेवली होती. मी कुठे राहतो हे त्यांना असं कळायचं.

मग मी स्वतःचा फ्लॅट घेतला. चौथा मजला. त्यांचा फोन आला. "झोपाच्या खोलीची भिंत किती?"

"अकरा फूट."

"मंग मोठं कपाट करतो. आठ फुटाचं."

आणि मी बापाशी पहिल्यांदा खोटं बोललो. लिफ्ट फार लहान आहे, जिना अरुंद आहे, एवढं कपाट वर येणार नाही, असं सांगितलं. खोटं बोलताना माझी भाषा एकदम पुस्तकी झाली होती, हे मला तेव्हाही जाणवलं.

"येईन. खोलून आनू."

"दारही अडीच फुटांचं आहे, बाबा."

"फळी दोन फुटाची ठेवतो."

"इथे भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत."

"खिळा कोन मारून राह्यलं बाप्पा? पाचरीवर उभं राहीन थे. तू काहून घाबरून राह्यला?"

मी काहून घाबरत होतो, ते सांगतो. त्या इमारतीत मी माझं आडनाव सांगायचो आणि पुढचा प्रश्न येण्याआधी विषय बदलायचो. आमच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, तो या घरात मी आतल्या खोलीत लावला होता. बाबा मात्र जिन्यात भेटेल त्याला, दूधवाल्याला, साहेबाला, सगळ्यांना मोकळ्या गळ्याने जयभीम घालणारे. कपाट आलं की ते जोडायला बाबा येणार. मला कपाटाची अडचण नव्हती.

माझी प्रत्येक सबब त्यांनी खरी अडचण मानली आणि लाकडात सोडवली. वर्षभर ते काम चाललं. एका पडलेल्या घराच्या तुळयांचं जुनं सागवान त्यांनी आणलं. आठ फूट रुंद, सात फूट उंच, तीन भाग. एकही खिळा नाही. प्रत्येक फळीला कुसू, म्हणजे टोकाला काढलेली जीभ, प्रत्येक कुसवाला खाच, आणि खाचेत लाकडाची पाचर. पाचर काढली की फळी हातात. माय फोनवर तक्रार करायची, "तुह्या बापानं लोकायले दाखवाले चारदा खोललं अन् चारदा जोडलं. मले म्हनते घड्याळ पाह्य. मी सैपाक करू का घड्याळ पाहू?"

तिन्ही भागांच्या वरून एक लांब पट्टी बसायची. ती तिघांना एकत्र धरायची. तिच्या मधोमध बाबांनी पटाशीने धम्मचक्र कोरलं होतं. चोवीस आरे. मायच म्हणाली, चष्मा लावून महिनाभर तेच करत होते.

टेम्पो आला. बाबा ड्रायव्हरशेजारून उतरले. फळ्या उतरवताना आमचा वॉचमन कौतुकाने म्हणाला, "काका, एवढं खोलायची काय गरज होती? मागे सामानाची मोठी लिफ्ट आहे. कपाटाचा एकेक भाग अख्खा, उभाच्या उभा गेला असता."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोऱ्या सोडत राहिलो. "बरं झालं ना मंग," ते वॉचमनला म्हणाले, "खोलेल सामान उचलाले हलकं पडते."

वर त्यांनी कपाट जोडायला घेतलं. दार उघडं होतं. ठोकण्याचा आवाज ऐकून समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ आत आले. फळीवरून हात फिरवून म्हणाले, "वा! हल्ली असं काम कुठे मिळतं? हे कोण?"

मी म्हणालो, "गावाकडचे सुतार आहेत."

खोटं नव्हतं. सुतारच होते.

बाबांची पाठ आमच्याकडे होती. पाचरीवर उचललेला हातोडा क्षणभर वरच राहिला, मग खाली आला. ती पाचर त्यांनी नीट बसवली. मग वळले आणि त्या गृहस्थांना हात जोडून म्हणाले, "नमस्कार, साहेब." जयभीम म्हणाले नाहीत. माझ्यासाठी म्हणाले नाहीत.

तिन्ही भाग उभे राहिले. ती लांब पट्टी तेवढी राहिली. मी ती उचलायला वाकलो तर म्हणाले, "राहू दे. थे नाही लावत."

"पण तिच्याशिवाय हलेल ना ते?"

"हालीन जरासं. पडत नाही."

पट्टी त्यांनी आपल्या चादरीत गुंडाळली. संध्याकाळी बायको शाळेत शिकवून आली, तिने आग्रह करून वाढलं, ते पोटभर जेवले, तिच्या हातच्या वरणाचं कौतुकही केलं. सकाळी निघाले. माय एकटी हाय म्हणाले. मी थांबा म्हटलं, पण तेही दारापासून आत उभं राहून, हळू आवाजात.

त्यानंतर त्यांनी मला कोणतंही माप विचारलं नाही.

चार महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मी धावत गेलो. बाजेवर पडलेले बाबा एवढेसे दिसत होते. बोलणं जड झालंय, पण कळतं. त्यांना पुण्याला न्यायचं, मोठ्या डॉक्टरला दाखवायचं, हे मी वाटेतच ठरवलं होतं. मी त्यांचे पाय धरले. रडलो. त्या दिवशीचं काढलं, चूक झाली म्हणालो, ती पट्टी घेऊन चला, मी स्वतः बसवतो म्हणालो.

"थे विहारात देली त्यायनं," माय चुलीपासून म्हणाली. "तवाच. गाडीतून उतरले अन् घरी न येता सिद्धे तिकडंच गेले."

"बाबा, मग नुसते तुम्ही चला," मी म्हणालो. "तुमचंच घर आहे ते."

ते आढ्याकडे पाहत होते. मग एकेक शब्द ओढत म्हणाले, "तुह्या घरी मी कोन म्हनून राहू लेका? सुतार म्हनून येतो म्हनलं, तं हात चालत नाही."

त्यात राग नव्हता. थोडे हसलेही, ओठांची उजवी बाजू हलली नाही. माय चुलीकडे तोंड करून बसली. त्या क्षणीही माझ्या मनात आधी जिना आला, मग लिफ्ट, मग समोरचं दार.

पुण्यात मी ज्याला घर म्हणतो, त्याची सगळी मापं मला पाठ आहेत. माझा बाप माझा बाप म्हणून जिथे येऊ शकतो, अशी जागा त्यात कुठे आहे, ते मला सांगता येत नाही. परवा लिफ्टमध्ये ते समोरचे गृहस्थ भेटले. गावी जाऊन आलात का, सगळं ठीक ना, म्हणाले. ते गावाकडचे सुतार माझे वडील आहेत, आजारी आहेत, एवढी दोनच वाक्यं होती. चार मजले होते. मी म्हणालो, "हो, ठीक."