दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

कॅसेटमधली ती बाई लूमच्या खडखडाटाला पुरून उरेल एवढ्या जोरात गायची, म्हणून मला आवडली. बाकी तिच्या इंग्रजीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आजही कळत नाही.

कॅसेट आमच्या घरी चुकून आली. वडिलांनी जुन्या बाजारातून भजनाची म्हणून आणली. वरचं कव्हर भजनाचं आणि आत ही! "फसाडं माले!" म्हणून वडील दोन दिवस धुसफुसले. ती मी माझ्याकडे घेतली. सत्तरच्या दशकातला परदेशी बँड, वाजवणारे चार पुरुष आणि पुढे ही एकटी गाणारी, हे सगळं फार उशिरा, मुलीनं फोनवर शोधलं तेव्हा कळलं.

आम्ही खानदेशातून सुरतेला, लिंबायतला आलेली माणसं. लग्नाच्या आधीपासून मी लूमच्या खात्यात, यंत्रमागाच्या कारखान्यात, बॉबीन भरते, म्हणजे विणायला लागणारा धागा रिळावर गुंडाळून देते. लूम आणि आमची मशीन एकाच हॉलमध्ये. तिथे बोलायचं तर एकमेकींच्या कानाला तोंड लावायचं, नाहीतर ओठ बघून समजून घ्यायचं. घरी आलो तरी आमचे आवाज खाली येत नाहीत. गावी लग्नाला गेलो की मांडवातूनच कोणीतरी म्हणतं, "सुरतवाला उनात!" म्हणजे सुरतवाले आले, आणि बायकांना वर टोमणा, बाईमाणसानं एवढं ओरडून बोलू नये. मला राग यायचा. या कॅसेटमधल्या बाईला कोणाची हिंमत होती का असं सांगायची?

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं माझं. आधी नुसते ड्रम, मग गिटार, आणि शेवटी ती एक किंकाळी फोडते. वर जाते, अजून वर जाते, आता हिचा श्वास संपणार असं वाटतं तरी जातेच. मी ते मशीनपाशी उभी राहून मोकळ्या गळ्यानं म्हणायचे. ऐकतंय कोण? एकदा नेमकी त्या किंकाळीतच लाईट गेली. सगळे लूम एकदम गप्प आणि मी एकटी ओरडतेय! माझा हात मशीनमध्ये गेला समजून अख्खं खातं धावत आलं. खात्यावर देखरेख करणारा मास्तर पांढराफटक पडला होता. "शुं थयुं? शुं थयुं?" मी म्हटलं, काही नाही, गाणं म्हणत होते. त्यावरून बायकांनी मला पुढे वर्षभर छळलं.

मुलगी सातवी-आठवीत असेपर्यंत कॅसेट वाजली, मग टेप तुटली. मुलगी आता नोकरी करते, आम्ही सुरतेतच डिंडोलीला राहायला आलोय. या वर्षी एका रविवारी तिनं तो पूर्ण अल्बम फोनवर लावून दिला. मी चहा बाजूला ठेवून ऐकायला बसले. ड्रम आले, अगदी तसेच. गिटार आली. किंकाळीची जागा आली आणि तिथे काहीच नाही. नुसता ढमढमाट.

"यांनी कापलंय," मी म्हटलं. "चोर मेले. चांगला भाग तेवढा काढून टाकला."

"मम्मी, छे तो खरी," मुलगी म्हणाली. "ओरडतेय ना ती."

मी फोनला नावं ठेवली. दुसरा फोन आणायला लावला, शेजारणीचा. त्यातही नाही. मुलगी माझ्याकडे बघत राहिली आणि दुसऱ्याच दिवशी मला दवाखान्यात घेऊन गेली.

कानाच्या डॉक्टरनं काचेच्या खोलीत बसवून तपासलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी दाबत होते, मग बराच वेळ दाबायला काही आलंच नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, लूममध्ये असंच होतं, आधी वरच्या पट्टीचे बारीक आवाज जातात. म्हणजे ड्रम राहतात, बाई जाते. मला रडू आलं नाही, संताप आला. तीस वर्षं त्या मशीनपुढे काढली आणि त्यानं नेमकी या बाईला ऐकायचीच सोय काढून घेतली? मी म्हटलं, डॉक्टर, मला ती किंकाळी ऐकायचीय. काय करायचं ते सांगा.

कानाला ऐकायचं मशीन लावलं. पहिल्या दिवशी ती बाई पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी गायली. मी मशीन काढून डब्यात टाकलं. डॉक्टर म्हणाला, रोज लावा, सवय व्हायला वेळ लागतो. ठीक आहे. एवढी वर्षं लूम सोसला, हे डबडं सोसणार नाही होय? रोज जेवण झालं की एकदा ते गाणं. खात्यातल्या नव्या मुलींच्या मागे लागून त्यांना कानात बोळे घालायला लावले. हसतात मला. हसू देत.

महिन्याभरात खिळ्याचा आवाज कमी झाला. परवाच्या रविवारी गाणं लावलं, मुलगी आत पोळ्या लाटत होती. किंकाळी आली. खरी, वर जाणारी, तीच! आणि तिच्या जरा मागून अजून एक. मी फोन बंद केला. पहिली थांबली, दुसरी चालूच राहिली. स्वयंपाकघरातून.

मी दारात जाऊन उभी राहिले. मुलगी पाठमोरी, लाटणं हातात, गात होती. मला बघून गप्प झाली.

"कधीपासून म्हणतेस हे?"

"लहान होते तेव्हापासून. तू टेप लावायचीस, मी मागून म्हणायचे." मग पोळीकडे बघत म्हणाली, "तू कधी काही बोलली नाहीस. मला वाटलं, तुला माझं गाणं आवडत नाही."

म्हणजे तेव्हाच माझे कान जायला लागले होते; टेप मोठ्यानं लावायचे ती पोचायची, हिचा आवाज नाही. मी फोन आणून पिठाच्या डब्यावर ठेवला.

"मी परत लावते," मी म्हटलं. "तू मोठ्यानं म्हण."

"मम्मी, शेजारचे धावत येतील."

"येऊ देत."