कोचीच्या तिकिटाचा भाव

मासळीचा भाव दिवसभरात खाली येतो. पहाटे उरणजवळच्या करंजाच्या धक्क्यावर लिलावात जो भाव फुटतो, तो पनवेलच्या बाजारात दहापर्यंत टिकतो, दुपारी डळमळतो, आणि संध्याकाळी बर्फाचं पाणी व्हायला लागलं की विकणारीच गिऱ्हाइकाला हाका मारते. या उतारावर मी पस्तीस वर्षं जगले. आधी डोक्यावर पाटी, मग बाजारात ओटा, आता स्वतःचा टेम्पो आणि हॉटेलांना रोजचा माल. कुणी हात धरून वर आणलं नाही. किती थांबायचं आणि झडप कधी घालायची हे मला कळतं, म्हणून आले. आणि या कळण्यानेच कोचीच्या तिकिटात माझा घात केला.

लेक कोचीला असते. जावई तिकडे जहाजांच्या दुरुस्तीच्या कामावर आहे. दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात तिचं मूल गेलं. फोन आल्या आल्या मी पनवेलहून गाडी धरली, पण कोकण आणि गोवा ओलांडून केरळात पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. सगळं आवरून झालं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी पाठीवर हात ठेवला, तर तिने तो बाजूलाही केला नाही आणि धरलाही नाही. तेच मला जास्त लागलं.

पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी तिला इकडे आणणार होते. डॉक्टरांनी प्रवासाला बंदी केली, बाळ ऑपरेशन करूनच काढायचं म्हणाले आणि तारीख दिली. लेकीने फोनवर एकच गोष्ट मागितली.

“आई, यावेळी आधी ये. झाल्यावर येऊन रडायचं असेल तर येऊ नको.”

मी शब्द दिला, आणि तिकीट काढायला गेले.

तिकीटवाल्याचं दुकान पनवेलच्या बाजारापासून चार पावलांवर आहे. हा माणूस दर रविवारी माझ्याकडून सुरमई नेतो आणि दर रविवारी पन्नास रुपयांसाठी माझं डोकं खातो. तेव्हा घासाघीस करायचा माझाही हक्क होता.

“पाच हजार दोनशे,” तो म्हणाला.

“चार कर.”

“मावशी, ते माझ्या हातात नाही. कंपनीचा रेट असतो.”

“माझ्या सुरमईचा रेट पण दर्याच ठरवतो. तरी तू कमी करून घेतोस का नाय?”

“मग दर्याशी भांडा ना. आज घेऊन टाका, उद्या वाढेल.”

त्याने हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. उद्या वाढेल, हे मी स्वतः रोज शंभर गिऱ्हाइकांना सांगते. ज्याला माल खपवायचा असतो तोच असं बोलतो. ऑपरेशनला अजून तीन आठवडे होते. मी उठले.

चार दिवसांनी सहा हजार शंभर झाले होते. आठवड्याने सात हजारांच्या वर. माझी खात्री वाढतच गेली. मी त्याला समजावून सांगितलं, की विमान उडाल्यावर रिकामी खुर्ची म्हणजे नासलेली मासळी. ती कुणी घेणार नाही. ज्याच्या गळ्यात असा माल आहे, तो शेवटच्या घटकेला हाताला येईल त्या भावात काढून टाकतो.

“आदल्या दिवशी तूच मला फोन करशील, या मावशी, तीन हजारात घ्या म्हणून.”

तो हसला. “मावशी, इथे उलटं असतं. शेवटच्या दिवशी येतो तो गरजेला येतो. त्याच्याकडून जास्त घेतात.”

मी त्याला खुळ्यात काढलं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी बघून भाव चढवणारी आमच्या बाजारात चार दिवस टिकायची नाही. एवढ्या मोठ्या कंपन्या एवढं उघडउघड करतील यावर माझा विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मला लेक दिसत नव्हती, तिकीट दिसत होतं. ते मला जिंकायचं होतं.

ऑपरेशनच्या ठरल्या तारखेला नऊ दिवस बाकी असताना, सकाळी करंजाला लिलाव चालू असताना, जावयाचा फोन आला. लेकीचं ब्लडप्रेशर चढलं होतं. डॉक्टर थांबायला तयार नव्हते. उद्या दुपारी बारा वाजता.

कोळंबीच्या सहा क्रेटवर माझी बोली लागलेली होती. बोली लावून निघून जाणं म्हणजे धक्क्यावर तोंड दाखवायची सोय राहत नाही. मी लिलाव करणाऱ्याला म्हटलं, “माझी बोली सोड, लेकीचं हाय,” आणि टेम्पोत बसले. मागून कोण काय बोललं ते मी ऐकलं नाही. तिकीटवाल्याने शटर वर केलं तेव्हा मी त्याच्या पायरीवर बसलेली होते.

“उद्याचं कोची. बाराच्या आधी पोचलं पाहिजे.”

मशीन चालू करायला त्याने जो वेळ लावला, त्यात मी चार वेळा उभी राहिले आणि चार वेळा बसले.

“सकाळचं आहे. नऊच्या आत उतरता. अकरा हजार सातशे.”

माझं डोकं तापलं. मी म्हटलं, दाखव. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. भाडं एका ओळीत, कर दुसऱ्या ओळीत, आणि मध्ये एक वेगळीच ओळ होती.

“हे काय हाय?”

“इंधनाचा जादा आकार. तेल महाग झालंय ना, म्हणून.”

“म्हंजे भाड्यात तेल नाय? मग भाडं कशाचं? ढकलत नेणार हायत काय विमान?”

“मावशी, सगळेच घेतात.”

“डिझेल आमच्या बोटींना पण लागतं. दोन फेऱ्या बोटी बंद राहिल्या डिझेलपायी. पण आमी बोली झाल्यावर असं म्हणतो का, की हा म्हावऱ्याचा भाव झाला, आता तेलाचे वेगळे दे? जे काय असेल ते बोलीच्या पोटात घालायचं. एकदा भाव बोलला की वर मागायचं नाय. उलट वर एक मासा टाकायचा पाटीत. हे शिकवा तुमच्या कंपन्यांना, हे—”

“भांडायचं तर भांडा,” तो पडद्याकडेच बघत म्हणाला, “पण मगाशी तीन सीट होत्या. आता दोन आहेत.”

माझ्या तोंडात पुढची शिवी तयार होती. ती मी गिळली. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याने सांगितलेला पहिला भाव मी जसाच्या तसा मोजून दिला.

“कुठून सुटतं?” मी विचारलं.

“कुठून म्हणजे? आपल्या पनवेलच्याच नव्या विमानतळावरून.”

हे मी विचारायला हवं होतं असं नाही, मला माहीतच होतं. त्या विमानतळाच्या जागेवर आधी खाडी होती. माझी आई ओहोटीला मांडीपर्यंत चिखलात उतरायची, बिळांत हात घालून चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, काढायची. मी काठावर टोपली धरून बसायचे. त्या चिंबोऱ्यांवर आम्ही तीन भावंडं वाढलो. पुढे विमानतळासाठी भराव पडला. जमीनवाल्यांना प्लॉट मिळाले, त्याबद्दल माझं पोट दुखत नाही. पण चिखलाला सातबारा नसतो. मी भरपाईचा अर्ज घेऊन गेले तेव्हा साहेबाने विचारलं, तुमची जागा कुठली? मी खिडकीतून खाडीकडे बोट केलं. तो हसला नाही, एवढं त्याचं मी मानते. पण त्याच्या फॉर्मात तसला रकाना नव्हता. त्या दिवशी मी बाजारात सगळ्यांदेखत बोलले होते, की त्या जागेत मी मेले तरी पाय ठेवणार नाही.

“खिडकीची सीट दिलीय,” तिकीटवाला म्हणाला. “तिचे वेगळे पडतात, ते मी भरलेत. सुरमईत वळते करा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडायच्या तयारीनेच आत शिरले. कुणी काही चुकीचं बोललं असतं तर बरं झालं असतं. कुणी बोललं नाही. छप्पर इतकं वर होतं की मान मागे टाकून बघावं लागलं, आणि ते छप्पर धरणारे खांब कमळासारखे उमलत गेलेले. आत बर्फाच्या गोदामासारखा गारवा, पण वास कसलाच नाही. मी जन्मभर वासावरून जागा ओळखत आले. इथे डोळे मिटले असते तर मी कुठे आहे हे मला सांगता आलं नसतं. ज्या चिखलाचा वास आईच्या केसांतून शेवटपर्यंत गेला नाही, त्याच्यावर मी उभी होते आणि पायाखाली साडीचे काठ दिसतील एवढी लखलखीत फरशी होती. राग आणायचा म्हणून मी प्रयत्न केला. तोंड नुसतं उघडं राहिलं.

विमानात माझ्या शेजारी एक पन्नाशीचा मल्याळी गृहस्थ होता. नवीन पनवेलला वाढलेला, विमानतळावर सामान चढवणाऱ्यांवर मुकादम, सुटीला गावी चाललेला. खिडकीतून मला पंखाखाली उभी असलेली एक गाडी दिसली. तिच्यातून जाड पाइप निघून वर पंखात गेला होता.

“ते काय करतायत?”

“तेल भरतायत, ताई.”

“पंखात?”

“मग? टाकी पंखातच असते.”

मला वाटलं थट्टा करतोय. बोटीचं तेल मी आयुष्यभर बघितलं. पिंपातून ओततात, वास येतो, पाण्यावर रंग पसरतो. आणि इथे ज्या पंखांनी उडायचं, तेच तेलाने भरलेले.

“किती लागतं कोचीपर्यंत?”

“लागेल पाचेक हजार लिटर.”

आमच्या धक्क्यावरची मोठी बोट दहा-बारा दिवस दर्यात राहून येते तेव्हाही एवढं पीत नाही, आणि हे दोन तासांत. मग सवयीने मी खुर्च्या मोजल्या आणि भागाकार केला. माणशी अठ्ठावीस लिटरच्या आसपास आलं. पुन्हा केला, तेच आलं. माझा टेम्पो मला एकटीला घेऊन कोचीला निघाला असता, तर शंभर लिटरच्या वर प्याला असता आणि दोन दिवसांनी पोचला असता. म्हणजे हे एवढं मोठं धूड मला माझ्या टेम्पोपेक्षा कमी तेलात नेत होतं. मी हे त्या गृहस्थाला सांगितलं.

“मग तेलाचे पैसे वाजवी आहेत म्हणता?” त्याने विचारलं.

“अजिबात नाय. वेगळे घेतले ते चोरीचंच. पण काम बघून माणूस थक्क होतो, तेवढं खोटं कसं बोलू?”

तो इतका हसला की पुढच्याने मागे वळून बघितलं.

मग विमान धावायला लागलं. पाठ खुर्चीत रुतली. माझा अंदाज असा, की त्याच पट्टीवर कुठेतरी आईच्या चिंबोऱ्यांची बिळं होती. त्यांच्यावरून आम्ही गेलो आणि जमिनीने आम्हाला सोडलं. खाडी दिसली. भरावातून जेवढी उरली आहे तेवढी, पण वरून तिचे फाटे झाडाच्या मुळ्यांसारखे पसरलेले, उन्हात चकाकणारे. मी ती नेहमी खालून, चिखलातून, एका वेळी दोन हात बघितली होती. ती एवढी आहे, आणि एवढी देखणी आहे, हे आईला कधी कळलं नाही. मी काचेला बोट लावून बघत होते आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. उरण गेलं. करंजाच्या बोटी दिसल्या, वाळत घातलेल्या इवल्या करंदीएवढ्या. टेम्पोने ज्याला मला तास लागतो ते अंतर मी घोटभर पाणी प्यायच्या आत ओलांडलं. पुढे नुसता दर्या. ज्याच्यातून आमचा माल येतो, ज्याने आमची माणसंही नेली, तो असा खाली शांत पसरलेला, आणि त्याच्या एका बाजूला किनारा दक्षिणेला चाललेला, लेकीपर्यंत.

कोचीला जावयाने टॅक्सी पाठवली होती. दवाखान्याच्या जिन्यावर मी धावले. या वयात आणि या अंगाने धावले. पावणेअकरा वाजले होते.

ती चाकांच्या खाटेवर होती, हिरव्या कपड्यात, चेहरा सुजलेला. मला बघून आधी रडली, मग माझ्याच पदराने माझा घाम पुसला आणि मग तिने मला बरोबर पकडलं.

“इतके दिवस काय करत होतीस? तिकीट उतरायची वाट बघत होतीस ना?”

जावई जमिनीकडे बघायला लागला. मी काहीही सांगू शकले असते. बाजार, टेम्पो, हॉटेलवाले. दिवसभर मी दुसरं काय सांगते?

“होय,” मी म्हटलं. “चुकलं माझं.”

“किती पडलं?”

मी आकडा सांगितला. तिचे डोळे मोठे झाले.

“आणि तू दिलेस? न भांडता?”

“थोडी भांडले.”

ती पोट धरून हसायला लागली, तशी नर्स धावत आली आणि आम्हा दोघींना रागावली. भाषा कळली नाही तरी राग कळला. खाट हलली. मी तिच्याबरोबर दारापर्यंत चालत गेले, बोटांत बोटं अडकवून. नर्सने पुन्हा काही सांगितलं, सोडा म्हणाली असणार, मी बोटं सोडली. दार बंद होताना लेकीने मान वळवून मागे बघितलं, मी आहे का ते. मी तिथेच होते.