सतरा घरांची भिंत

फीतवाले काका कुणाच्याही घरी गेले की आधी मागच्या भिंतीवर बोटांनी टकटक करायचे, मगच बसायचे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा आईला वाटलं, या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही. त्यांनी भिंतीला कान लावला, "साधी वीट आहे वहिनी, चहा टाका," म्हणाले आणि खुर्चीत टेकले.

काका आमच्या जमीनमोजणी खात्यातले जुने नकाशेवाले. मूळचे अमरावतीकडचे, वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीपायी रायपुरात वाढलेले. मी त्यांच्या हाताखाली ट्रेसर म्हणून, नकाशे शाईने गिरवायला, लागले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. रविवारी खिशात मोजायची फीत घालून ते ब्राह्मणपाऱ्याच्या मागच्या गल्ल्यांत जायचे. जुन्या गावाला कधीकाळी परकोट, म्हणजे भोवतीचा तट, होता. रस्त्यावरून पाहिलं तर त्याचा दगडही दिसत नसे. पण एका गल्लीत सतरा घरांची मागची भिंत म्हणजे तोच परकोट होता. खाली दगड, वर माती-विटा आणि जाडी इतकी की माणूस आडवा झोपावा. काकांनी तो वर्षानुवर्षं इंचाइंचाने मोजला होता. "पोरी, जे मोजलं नाही ते गेलं समज," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मलाही न्यायचे. खरं सांगते, मला कंटाळा यायचा. फितीचं दुसरं टोक धरून उन्हात उभं राहायची हौस कुणाला असते?

त्या गल्लीत दुरपतबाई राहायची. तिची चूल परकोटाला लागूनच होती. दिवाळीच्या आधी ती आणि गल्लीतल्या बाकीच्या बायका छुही, म्हणजे पांढरी माती, कालवायच्या, भेगा बुजवायच्या आणि अख्ख्या भिंतीवर जाड हात फिरवायच्या. सासूने केलं म्हणून सून करायची. त्या रविवारी काकांचं काम बंद. ओसरीवर बसून म्हणायचे, "वाळू द्या. तुमच्यापायी माह्या भिंतीची जाडी दरसाली बदलून राहिली." बायका हसायच्या. दुरपतबाई गूळ घातलेला काळा चहा द्यायची.

मग राज्य वेगळं झालं आणि रायपूर राजधानी. तोवर भिंत जपा म्हणून काकांचे अर्ज भोपाळला जायचे आणि तिकडेच राहायचे. आता साहेब सायकलच्या अंतरावर आले. काकांना एवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. नव्या पाटीचा रंग अजून ओला असलेल्या एका कचेरीत आम्ही गेलो. साहेब भले वाटले. म्हणाले, "बाबूजी, पूरा नक्शा दीजिए, प्रस्ताव भेज देंगे."

पूर्ण म्हणजे काकांच्या लेखी पूर्णच. भिंतीला टेकलेलं प्रत्येक घर, त्याची लांबी-रुंदी, घरमालकाचं नाव. मी म्हटलं, "काका, नावं कशाला? भिंत दाखवली की पुरे."

"मंग त्याले नकाशा काहून म्हणायचं? अर्धा नकाशा म्हणजे खोटा नकाशा."

मी वाद घातला नाही. नावं त्यांनी सांगितली, शाईने मी लिहिली. अक्षर माझं चांगलं होतं ना.

प्रस्तावाचं काय झालं, कुणाला ठाऊक नाही. नकाशाची प्रत मात्र रस्ता रुंद करणाऱ्यांच्या टेबलावर पोचली. त्यांना भिंतीशी देणंघेणं नव्हतं, पण कोणाचं घर कुठून कुठवर हे आयतं मिळालं. सतरा घरांना नोटिसा आल्या. त्यांत आमच्याच नकाशातली मापं होती. काका पंधरा दिवस त्या कचेरीत बाकावर बसून राहिले. साहेबांची बदली झाली होती. नवे म्हणाले, "नक्शा तो आपने ही दिया है."

घरं पाडली. माणसं बीरगावच्या बाजूच्या क्वार्टरांत गेली. परकोट पहिल्यांदाच उघडा पडला, आणि काका वेड्यासारखे आनंदले. "बघ, अख्खा दिसून राहिला!" तो दिसला जेमतेम आठवडाभर. वरची छपरं गेली होती, पाठीला टेकलेली घरं गेली होती, लिपण उन्हाने तडकलं होतं. शेजारून यंत्र गेलं आणि दुरपतबाईची चूल होती तिथपासून भिंत खाली बसली. उरलेली रस्तावाल्यांनी दुसऱ्या दिवशी उचलली.

काका ढिगाऱ्यापाशी उभे होते. "छपरं अन् लिपण तिले धरून होते पोरी," म्हणाले. "मी सारं मोजलं. हे कुठं लिहायचं, ते मले सुचलंच नाही." मला त्यांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त.

महिन्याभराने त्यांनी मला बीरगावला नेलं. एकट्याने जायची हिंमत नव्हती. दुरपतबाई सिमेंटच्या भिंतीला छुही लावत होती. माती धरत नव्हती, पापुद्रे गळत होते. काकांनी हात जोडले. ती म्हणाली, "घर गिस त भिथिया घलो गिस, बाबूजी. का करबे." घर गेलं, मग भिंतही गेली, करणार काय. तिने चहा ठेवला आणि म्हणाली, ही पण भिंत मोजून द्या, तुमच्या कागदावर नव्या घरीही आमचं नाव असू दे. काकांनी खिशात हात घातला आणि तसाच ठेवला.

"मले आता मोजता नाही येत, दीदी."

तिने त्यांना माफ केलं होतं. मला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही. निवृत्तीनंतर ते मुलीकडे अमरावतीला गेले आणि दोन वर्षांत वारल्याचं कळलं.

मी अजून त्याच खात्यात आहे. थकले आहे. कुणाचं घर नकाशात यायचं असलं की शाई भरण्याआधी मी तिथे जाते, दारात उभी राहून सांगते, तुमचं नाव कागदावर चढतंय, कशासाठी ते विचारून घ्या. कुणी पाणी देतं, कुणी दार लावून घेतं. साहेब म्हणतात, "मॅडम, आप बहुत टाइम लगाती हैं."

हो, लावते.