लोपाकाची दहा दिवसांची रजा

सहा वर्षांनी लोपाका हवाईतल्या कवाई बेटावर आला, तो पाहुण्यासारखा. लास व्हेगासात एसी दुरुस्त करतो. दहा दिवसांची रजा काढून बायकोला, ग्लेनिसला घेऊन आला आणि उतरला कुठं, तर बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पोईपूच्या हॉटेलात. अनाहोला गावात आमची सगळी आळी भावकीची, पण एकाच्याही दारात त्यानं पाय टाकला नाही.

कारण आळीला ठाऊक होतं. आमच्यात लुआऊ, म्हणजे मोठं जेवण, म्हटलं की जमिनीत खड्डा खणून, दगड तापवून, त्यात डुक्कर पुरून भाजायचं. त्या खड्ड्याला इमू म्हणतात. इमूचं काम आधी लोपाकाच्या बापाचं, मग त्याचं. पण कानिहोकाकाच्या पोरीचं, पुआनानीचं लग्न चार दिवसांवर आलं आणि हा गडी नोकरी लागली म्हणून विमानात बसला. काकानं एकट्यानं इमू लावला. डुक्कर हाडापाशी कच्चं राहिलं, व्याह्यांसमोर म्हाताऱ्याची शोभा झाली. त्यानंतर दोघांत चकार शब्द नाही.

आता पुआनानीच्या पोराला वर्ष झालेलं. त्याचा लुआऊ शनिवारी चारला. तिनं लोपाकाला फोन करून बोलावलं होतं. काकानं नव्हतं बोलावलं.

लोपाकाचं बूड एका जागी ठरेना. सोमवारी गाडी काढून आमच्या अलीकडच्या कापाआ गावापर्यंत आला, पेट्रोल भरून माघारी गेला. मंगळवारी आमच्या पुलापर्यंत आला. मी तिथंच तारोची, अळूसारखी पानं खुडत होतो. मला हात केला आणि गाडी वळवली. घोळ असा होता, की चारला पाकीट घेऊन येणं सोपं, पण तसा येतो तो पाहुणा. घरचा माणूस आदल्या दिवशी येऊन राबतो. आणि आदल्या दिवशी इमूपाशी काका बसलेला असणार.

ग्लेनिस वैतागली. जायचं तर जा, नाहीतर गप पड, म्हणाली. गुरुवारी हॉटेलातच लुआऊ आहे, तो बघू, तुझी हौस फिटेल.

गेले. पाहुण्यांच्या गळ्यात हार, हातात पेले. सूर्य कलला तसं दोन गड्यांनी इमूतून जाळीत बांधलेलं डुक्कर उचललं. जाळीची कड धरायला लोपाका खुर्चीतून उठून चार पावलं गेलासुद्धा. वाढप्यानं अदबीनं सांगितलं, साहेब, बसून घ्या. लोक हसले. ताट आलं, पण त्यानं नुसतं चिवडलं.

शुक्रवारी सकाळी सातला तो अनाहोलात. काका खड्ड्याच्या काठावर दगड निवडत बसलेला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू.

"कोण हाय?"

"मी, काका. लोपाका."

"लुआऊ उद्या हाय."

"ठावं हाय."

"मग आज कशाला? असली कडक इस्त्रीची पँट घालून इमूवर येत्यात व्हय?"

लोपाका त्याच पँटवर मातीत बसला आणि दगड उलटेपालटे करू लागला. दोन गुळगुळीत निघाले, ते त्यानं बाजूला टाकले.

"ह्ये ओढ्यातलं हायत, काका. तापलं की फुटतील."

"मला शिकवतोस?"

"न्हाई. बाजूला ठिवतोय."

काकानं ते दोन्ही चाचपून बघितले. बराच वेळ बघितले. मग पायानं कुंपणाकडं लोटले, आणि दगडांवर अंथरायला केळीचा कुठला खुंट तोडायचा ते सांगितलं. लोपाका सारखा उठबस करत राहिला, दिवसभर एकच लाकूड तीनदा रचलं.

शनिवारी उजाडता उजाडता दगड लाल झाले, डुक्कर पुरलं. दुपारी उकरलं तेव्हा हाड हातात सुटून आलं. मंडळी जमली. पुआनानीनं लोपाकाला दंडाला धरून पुढच्या टेबलाकडं ओढलं. ग्लेनिस तिथं आधीच बसलेली. व्हेगासची माणसं, पुढं बसा, असं पुआनानीचं चाललेलं. लोपाका अवघडून उभा.

मागून काका ओरडला, "त्याला कुठं नेतीस गं? इमूवरची माणसं शेवटी जेवत्यात."

तो आमच्यात, मागं, उपड्या बादलीवर येऊन बसला. दोनशे माणसं जेवून जाईपर्यंत पोटात कावळे ओरडत होते. आमच्यापर्यंत पातेलं आलं तेव्हा तळाचा रस आणि मोजके तुकडे उरलेले. काकानं दोन तुकडे त्याच्या ताटात टाकले.

"मीठ कमी पडलंय," काका म्हणाला.

"पडलंय," लोपाका म्हणाला आणि खायला लागला.