चिंचेखालची शोकसभा

कारखान्या-कारखान्यांतून फिरून माणसांना जीव कसा वाचवावा हे शिकवायचं, हा माझा धंदा. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन मी एसटीत चढतो. मग शेजारचा पावणा हमखास विचारतो, "काय वो, गॅस घरचा का हाटेलचा?"

त्या दिवशी आजऱ्याच्या एका काजू कारखान्याकडं निघालो होतो. मॅनेजरसाहेब फोनवर म्हणाले होते, "एकदा करून दाखवा. पटलं तर वर्षभराचं काम तुम्हालाच." मी घरात सांगताना यातलं 'पटलं तर' तेवढं गाळलं. बायकोनं शेजारीपाजारी पेढे वाटले आणि मी नवीकोरी, करकर वाजणारी कोल्हापुरी पायताणं घेतली. म्हणजे काम मिळालं नसतं तर पेढे परत गोळा करायची वेळ होती.

काजूच्या कारखान्यात बाहेरचं पायताण आत चालत नाही. सगळ्यांनी ती हॉलच्या दारात काढलेली, माझीही त्यातच. मी आगीवर भाषण ठोकलं, शिट्टी फुंकली आणि ओरडलो, "आग लागली, पळा!"

कामावरच्या सगळ्या बाया दारापर्यंत झकास पळाल्या आणि तिथं थांबून वाकल्या.

"माझं डावं कुटं गेलं?"

"अगं, सोड, ते माझं हाय!"

"मावशी, आग लागलीय!" मी किंचाळलो.

"लागू दे की," सगळ्यांत थोरल्या मावशी खाली बघतच म्हणाल्या. "दिवाळीला घेतल्यात."

मॅनेजरसाहेब कोपऱ्यातून बघत होते. मी सगळ्यांना परत बसवलं आणि आवाज चढवून म्हणालो, "पायताण परत घेता येतं. जीव परत घेता येत नाही!" वाक्य मला इतकं आवडलं की मी ते पुन्हा म्हणालो.

दुसरी शिट्टी झाली. या खेपेला बाया अशा सुटल्या की काही विचारू नका. पायताणं तुडवत, अनवाणी, थेट अंगणातल्या चिंचेखाली. मागोमाग मॅनेजरसाहेबही. हॉल रिकामा. मी खूष होऊन दारात आलो आणि खाली बघितलं. माझी नवी पायताणं त्या तुडवलेल्या ढिगात कुठंतरी चेंगरली होती. आग काय खरी नव्हती. मी वाकलो.

एक सापडलं. दुसरं मिळेना. बाहेर सुपरवायझरबाई डोकी मोजत होत्या.

"एक माणूस कमी हाय!"

"कोण ऱ्हायलं?"

"सर!"

दुसरं हाती लागलं तसा मी दोन्ही छातीशी धरून धावत सुटलो. चिंचेखाली सगळ्या माना खाली घालून उभ्या.

"गेलं बिचारं," मावशी म्हणाल्या.

"बोलायचं लई, पर मनानं चांगलं हुतं," दुसरी म्हणाली.

"अहो, मी आलोय!"

"मेलेल्यानं बोलायचं न्हाय, सर," सुपरवायझरबाईंनी दटावलं. "दोन मिनिटं गप ऱ्हावा."

माझ्याच शोकसभेत मी गप्प उभा राहिलो. डोळ्यांपुढं पेढे नाचत होते.

मॅनेजरसाहेबांनी मान वर केली आणि माझ्या हातांकडं बघितलं. बघतच राहिले.

"पावणं, ती माझी पायताणं हायत."

माझी तसलीच पायताणं दारातच पडली होती, एक उताणं, एक पालथं. चिंचेखाली जो हशा उसळला त्यात साहेब खाली बसून हसत होते. मी मात्र मनातल्या मनात पहिला पेढा परत मागायला गेलो होतो.

डोळे पुसून साहेबांनी पायताणं पायात घातली. "भाषणं आम्ही लई ऐकली वो," ते म्हणाले. "पण पायताणापायी मेलेला माणूस पयल्यांदाच बघितला. आता कोण न्हाय वाकायचं. वर्षभर या. पण दर खेपेला असंच मरायचं."

तेव्हापासून दर महिन्याला मी आजऱ्याला जाऊन मरून येतो. फाटकातच मावशी विचारतात, "आलासा? आज जेवायच्या आदी मरतासा, का जेवून?"

मी जेवून मरतो.