वारा आला होता

कल्पना करा, डुलणाऱ्या होडीत गुडघे टेकून तुम्ही एक बाटली समुद्रात सोडताय. बुडाला शिसं, तोंडाला बूच. हवी तेवढी खोल गेली की बुचाच्या दोरीला हिसका द्यायचा. भरलेली बाटली झपाट्यानं वर ओढायची, नाहीतर वाटेतच तापते, आणि गालाला लावायची. गाल शहारला, तर तराफ्याखाली दोरांवर वाढणारी कालवं जगणार.

वहिनी हे लग्न होऊन आल्यापासून करत होत्या. नवरा गेल्यावर तराफा त्यांनी आणि दिरानं मिळून सांभाळला. यंदा गाल शहारेना.

"आत्ताच काढू या, वहिनी," दीर म्हणाले.

"नखाएवढी आहेत, भाऊजी. कोण खाणार, बाहुल्या?"

"मेल्यावर तर बाहुल्याही खाणार नाहीत."

"वारा सुटू दे. वरचं तापलेलं पाणी तो बाहेर ढकलतो, खालचं गार वर येतं. दरसाल येतं."

"वारा तुमच्या माहेरचा आहे का, हाक मारली की यायला?"

आणि वारा आला! होड्यांचे दोर ताणले गेले. वहिनींनी दिराकडे अशी मान उडवली, की ते बिचारे दोर आवळायला उठून गेले. त्या आनंदात बाटली सोडायची राहूनच गेली. वारा आहे म्हणजे पाणी गार असणारच, त्यात बघायचं काय?

मग वास आला. दोर वर ओढले, तर एकूण एक कालव तोंड वासून मेलेलं. वहिनींनी घाईघाईनं बाटली सोडली. दोरी संपेपर्यंत पाणी कोमटच. दिरांनी खरवडायला सुरी आणली.

बंदरावरच्या हवामान कचेरीत काम करणारी त्यांची मुलगी धावत आली.

"वाऱ्यानं त्याचं काम केलं, आई. पण दूर महासागरात जे वारे ऊन पाणी पलीकडे रेटून धरतात, ते यंदा मंदावले. ते पाणी इकडे सरकलं. वरचा थर जाड झाला, गार पाणी पार खाली दबलं. वाऱ्यानं खालचं वर आणलं खरं, पण तेही ऊनच."

"ते लांबचे वारे का मंदावले?"

"तिथलं पाणी तापलं म्हणून."

"आणि पाणी का तापलं?"

"वारे मंदावले म्हणून," मुलगी चाचरत म्हणाली.

शेजारी दीर दोरांवरून मेलेली कालवं खरवडत होते. पुढच्या साली हे दोर पुन्हा सोडायचे की नाही, ते अजून ठरायचं होतं. वहिनींनी रिकामी बाटली मांडीवर घेतली.

"मग आधी कोण ढळतं गं? वारा की पाणी?"