बांधावरची बयाबाई

बयाबाई, बागेच्या स्मरणिकेत तुझं नाव नाही. झाडं कुठल्या साहेबानं लावली, बँड कुठं वाजायचा, सगळं छापलंय. मी तेव्हा साताऱ्यात कॉलेजात शिकवायचे, सकाळी बागेतल्या तळ्याच्या बांधावर फिरायचे. म्हणून मीच लिहिते.

बयाबाई टांग्यांच्या घोड्यांसाठी गवत विकायची. पहाटे माळावर कापायचं आणि टांगे स्टेशनकडं सुटायच्या आत अड्ड्यावर पोचवायचं. जवळची वाट बागेतून, तळ्याच्या बांधावरून. तिथं जुना फलक होता : डोक्यावर ओझे नेण्यास मनाई. त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. चौऱ्याहत्तर साली पलटणीतून सुटलेला हरिबा पहारेकरी झाला आणि त्यानं तो वाचला. वळसा घालून जावं तर टांगे निघून गेलेले, गवत अंगावर.

"ए बाई, भारा खाली टाक."

"का रं? तुज्या डोक्यावर हाय का?"

"डोक्यावरनं वझं न्यायचं न्हाई हितनं."

"माज्या सासूनं, साळूबाईनं, पोरवयात ह्याच बांधावर मातीच्या पाट्या टाकल्या. तवा चाललं व्हय?"

"त्ये मला सांगू नगंस. टाक."

तिनं धाडकन टाकला. चुंबळ नीट केली.

"टाकला. आता हात लाव."

भरला भारा एकटीला उचलत नाही, आणि 'हात लाव' म्हणणाऱ्या बाईला आपल्याकडं कुणी नाही म्हणत नाही, मग भांडण का असेना. हरिबा शेतकऱ्याचाच लेक. इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि मुकाट्यानं भारा तिच्या डोक्यावर ठेवला.

"तूच ठिवलास गड्या. येते."

मग रोज तेच. फिरायला येणारे वकील खुदुखुदु हसायचे. एकदा बागेचे इन्स्पेक्टरच समोर आले.

"हरिबा, हे काय?"

"साहेब, वझं उतरवून घेतो की रोज."

"आणि चढवतो कोण?"

"...म्याच."

"उतरव पुन्हा!"

"उतरवा की," बयाबाई म्हणाली. "पर मग हात तुमी लावायचा, साहेब. ह्यो दमलाय."

साहेबांनी आपल्या पांढऱ्या शर्टाकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि निघून गेले. फलक राहिला, हरिबानं वाचणं सोडलं.

त्या दिवशी तू मला म्हणालीस, "बाई, मेढ्यास्नं माज्या सासूला, म्हातारीला, आणूया. मोकळ्या हातानं ती ह्या बांधावर कवा चाललीच न्हाई. यष्टीत धरायला तुमी चला." सुगीनंतर जाऊ, असं ठरलं. सुगी झाली तर तुझी सून बाळंतपणाला टेकलेली, मग माझी सांगलीला बदली. मेढ्याची यष्टी काही आपण धरली नाही.